मेटॅलिका, इलेक्ट्रा आणि तुमचा करार: छोटे लेबल सोडताना काय पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील तुमच्या थ्रॅश मेटल (वेगवान, आक्रमक हेवी मेटल) बँडचा पहिला अल्बम एका छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढला, त्याला बऱ्यापैकी प्रतिसाद मिळाला आणि आता एका मोठ्या कंपनीने पाच अल्बमांचा करार पुढे केला आहे. बँडमधील दोघांचे म्हणणे असे की मेटॅलिका या अमेरिकी मेटल बँडने १९८४ मध्ये मेगाफोर्स हे छोटे लेबल सोडून इलेक्ट्रा ही मोठी कंपनी धरली म्हणूनच तो बँड मोठा झाला. उरलेल्या दोघांचे म्हणणे असे की त्याच सहीने त्यांचे संगीत विकले गेले. यांत खरे कोणाचे आणि तुम्ही सही करावी की नाही, असे तुम्ही विचारले आहे.

कलावंतांच्या बाजूने रेकॉर्डिंगचे करार वाचणे आणि रॉयल्टीची (विक्रीतील कलावंताच्या वाट्याची) हिशोबपत्रके तपासणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. त्या कामातून बनलेले माझे मत असे की तुमच्या बँडमधील दोन्ही बाजू सहीच्या क्षणाला नको तेवढे महत्त्व देत आहेत. बँड सही करायला गेला तेव्हा त्याच्या हातात आधीच काय होते आणि सही करताना त्याने काय हातचे जाऊ दिले, हे दोन प्रश्न माझ्या दृष्टीने मोठे आहेत. तुमचा मसुदा मी वाचलेला नाही, त्यामुळे ‘करा’ किंवा ‘करू नका’ असे सांगणे योग्य होणार नाही. करार किती वर्षांचा आहे, ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाकडे जाते आणि पहिल्या लेबलशी तुमचे कागदोपत्री नाते काय आहे, यांवर उत्तर बदलेल. मात्र मेटॅलिकाचे उदाहरण तुम्हीच काढले आहे आणि ते नीट पाहिले तर बरेच काही हाती लागते.

मेगाफोर्स ही कंपनी मुळात मेटॅलिकासाठीच उभी राहिली. जॉन आणि मार्शा झझुला हे जोडपे न्यू जर्सीतील एका आठवडी बाजारात रेकॉर्डचा गाळा चालवत असे. मेटॅलिकाच्या १९८२ च्या डेमोची (नमुना ध्वनिमुद्रणाची) कॅसेट त्यांच्या हाती पडली, त्यांनी पैसे पाठवून मुलांना कॅलिफोर्नियाहून बोलावून घेतले आणि कोणतीही कंपनी अल्बम काढायला तयार होईना तेव्हा स्वतःच लेबल काढले. जुलै १९८३ मध्ये ‘किल एम ऑल’ आला तो असा. या जोडप्याचे ऋण मान्य केल्याशिवाय पुढचे काहीही बोलणे अन्यायाचे होईल.

पण ऋण आणि कुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा अल्बम, ‘राइड द लाइटनिंग’, १९८४ च्या सुरुवातीला कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. पैसे इतके कमी होते की बँड रात्री ध्वनिमुद्रण करी आणि दिवसा स्टुडिओतच झोपे. ठरलेल्या अंदाजापेक्षा खर्च वाढला, तो मेगाफोर्सला पेलवेना आणि शेवटी युरोपात त्यांचे अल्बम काढणाऱ्या म्युझिक फॉर नेशन्स या ब्रिटिश लेबलने स्टुडिओचे बिल भागवले. माझ्या कामात अशा जागी मी नेहमी थांबते. लेबलची इच्छा असते, जीव लावण्याची तयारी असते, पण बँडची गरज त्याच्या खिशापेक्षा मोठी झालेली असते. इथे दोष कोणाचाच नसतो. या टप्प्यावर बँड भावनेपोटी थांबला तर पुढच्या अल्बमच्या वेळी लेबल आणि बँड दोघेही अडचणीत येतात.

ऑगस्ट १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये रेव्हन आणि अँथ्रॅक्स या बँडसोबत मेटॅलिकाचा कार्यक्रम झाला. इलेक्ट्राचा तरुण कलावंत-निवड अधिकारी मायकेल अलागो तिथे होता आणि त्यानंतर काही आठवड्यांतच करार झाला. त्याच सुमारास क्लिफ बर्नस्टीन आणि पीटर मेन्श यांच्या क्यू प्राइम या संस्थेने बँडचे व्यवस्थापन हाती घेतले. डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडला सांभाळणाऱ्या या दोघांना मोठ्या कंपनीत कोणत्या दाराने शिरायचे आणि कोणत्या माणसाकडून काय लिहून घ्यायचे, हे ठाऊक होते. नोव्हेंबर १९८४ मध्ये इलेक्ट्राने ‘राइड द लाइटनिंग’ पुन्हा बाजारात आणला.

या घटनाक्रमातील शेवटच्या वाक्याकडे मी तुमचे लक्ष वेधते. इलेक्ट्राने आणला तो अल्बम आधीच तयार होता. कोणत्याही अधिकाऱ्याने त्यातील एक पट्टीही बदललेली नव्हती. सही करताना मेटॅलिकाजवळ दोन अल्बम, अमेरिका आणि युरोप या दोन्ही खंडांत कार्यक्रमांना येणारा प्रेक्षक आणि अनुभवी व्यवस्थापक एवढे भांडवल होते. कंपनी विकत घेत होती ती चालती गाडी, आणि चालत्या गाडीच्या चालकाला रस्ता शिकवायला सहसा कोणी जात नाही. आशेवर सही करणाऱ्या बँडला हा मान मिळत नाही. त्याच्या गाण्यांची लांबी, निर्माता आणि मुखपृष्ठ या सगळ्यांवर दुसऱ्याचे मत चालते आणि ते मत चालेल असे करारात बऱ्याचदा लिहिलेलेही असते.

म्हणून ‘त्या सहीने संगीत विकले गेले’ हा आरोप मला पुराव्यावर टिकणारा वाटत नाही. इलेक्ट्रासाठी त्यांनी पहिल्यापासून केलेला पहिला अल्बम म्हणजे मार्च १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’. तोच स्टुडिओ, तोच निर्माता फ्लेमिंग रासमुसेन, आठ गाणी आणि शीर्षकगीत साडेआठ मिनिटांचे. रेडिओचा आधार जवळजवळ नव्हता, व्हिडिओ एकही नव्हता. होते ते प्रसिद्ध मेटल गायक ऑझी ऑझबर्नच्या दौऱ्यातील सुरुवातीचे कार्यक्रम. तरीही बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या अल्बमांच्या यादीत तो २९ व्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला अमेरिकेतील ५ लाख प्रतींसाठीचे गोल्ड प्रमाणपत्र मिळाले. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ मधील गाणी तर आणखी लांब आणि गुंतागुंतीची झाली. पहिला व्हिडिओ आला तो १९८९ मध्ये, म्हणजे सहीनंतर चार वर्षे उलटल्यावर. १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बममध्ये बॉब रॉक या निर्मात्याबरोबर गाणी आटोपशीर झाली, हे खरे आहे आणि तो बदल कोणाला आवडला नाही तर ते मी समजू शकते. परंतु सहीपासून सात वर्षांनी, लांबलचक गाणी मंचावर वाजवून कंटाळलेल्या बँडने स्वतः घेतलेला तो निर्णय होता. त्याचे खापर १९८४ च्या करारावर फोडता येत नाही.

उलट बाजूने, छोटे लेबल म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य, हीसुद्धा अर्धीच गोष्ट आहे. ‘किल एम ऑल’ चे मूळ ठरलेले नाव वेगळे होते. वितरकांनी त्या नावाचा अल्बम दुकानांत ठेवायला नकार दिला म्हणून ते बदलावे लागले. म्हणजे मेगाफोर्सच्या काळातही अंतिम शब्द वितरकाचाच होता. स्लेयर या थ्रॅश बँडचे उदाहरण याहून बोलके आहे. मेटल ब्लेड हे छोटे लेबल सोडून ते निर्माता रिक रुबिनच्या डेफ जॅम या लेबलकडे गेले, पण ‘रेन इन ब्लड’ तयार झाल्यावर डेफ जॅमचे वितरण करणाऱ्या कोलंबियाने मुखपृष्ठ आणि गाण्यांचे विषय पाहून तो अल्बम बाजारात आणायला नकार दिला. ऑक्टोबर १९८६ मध्ये तो शेवटी गेफनच्या वितरणातून आला. २९ मिनिटांच्या त्या अल्बमची धार जराही कमी झाली नव्हती, कारण रुबिन आणि बँड दोघेही हटले नाहीत आणि दुसरा वितरक मिळाला. तो मिळाला नसता तर करारातील ‘प्रकाशनाची हमी’ या एका कलमावर सगळे अडले असते. तुमच्या मसुद्यात हे कलम शोधा. आम्ही अल्बम दिल्यापासून इतक्या महिन्यांत कंपनी तो काढेल आणि न काढल्यास त्याचे हक्क आमच्याकडे परत येतील, असे त्यात स्पष्ट शब्दांत असायला हवे. नुसते ‘कंपनी योग्य ते प्रयत्न करील’ एवढेच लिहिलेले असेल तर त्या वाक्याच्या भरवशावर राहू नका.

आता पैशांकडे वळते, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. मोठी कंपनी देते ती रक्कम बक्षीस नसते, उचल असते. ऊसतोडणीला जाणारी जोडपी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि ती कामातून फिटेपर्यंत बांधलेली राहतात. त्यांच्या कष्टांशी गिटारवादकाच्या कष्टांची बरोबरी मला करायची नाही, पण व्यवहाराचा सांगाडा तोच आहे. कंपनी दिलेली रक्कम आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च बँडच्या रॉयल्टीतून वळता करून घेते, आणि तो पूर्ण वळता होईपर्यंत बँडच्या हातात रॉयल्टीचा पैसा पडत नाही.

एक काल्पनिक हिशोब मांडते. हे आकडे मेटॅलिकाच्या करारातील नाहीत, पण १९८० च्या दशकातील करारांची रचना अशीच असे. अल्बमची दुकानातील किंमत ८ डॉलर धरा. वेष्टनाच्या नावाखाली २५ टक्के वजा, उरले ६ डॉलर. त्यावर १० टक्के रॉयल्टी म्हणजे ६० सेंट. शंभरातील १५ प्रती ‘मोफत माल’ म्हणून दुकानदारांना गेल्या असे दाखवून त्यांच्यावर रॉयल्टी नाही, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे सरासरी ५१ सेंट. उचल आणि ध्वनिमुद्रण मिळून १ लाख डॉलर खर्च झाला असेल तर तो फिटायला सुमारे १ लाख ९६ हजार प्रती जाव्या लागतात. तोवर बँडला शून्य. पण कंपनीने त्यांपैकी पैसे मिळालेल्या प्रती ४ डॉलर घाऊक दराने विकल्या असतील तर तिच्याकडे साडेसहा लाख डॉलरहून अधिक जमा झालेले असतात. त्यातून छपाई, वितरण आणि जाहिरात यांचा खर्च जातो हे मान्य, तरीही खात्यावर बँड अजून देणेकरी दिसत असताना कंपनी कधीच नफ्यात गेलेली असू शकते. हिशोबपत्रक प्रथमच हातात घेणारी मुले नेमकी इथे गोंधळतात. फेड कंपनीच्या मिळकतीतून होत नाही, फक्त तुमच्या वाट्यातून होते.

आज वेष्टनही नाही आणि दुकानेही फारशी उरली नाहीत, तरी जुन्या मसुद्यांवरून उतरवलेल्या करारांत ही वजावट अजून सापडते. तुमच्यात असेल तर ती खोडायला सांगा. त्यावर कोणी फारसा वाद घालत नाही. त्याहून महत्त्वाचे कलम म्हणजे एका अल्बमची न फिटलेली रक्कम दुसऱ्या अल्बमच्या कमाईतून वळती करण्याचे. पहिला पडला आणि दुसरा चालला तर दुसऱ्याचाही पैसा दिसत नाही. आणि अलीकडच्या मसुद्यांत कार्यक्रमांच्या मानधनात आणि टी-शर्टच्या विक्रीतही कंपनी वाटा मागते. मेटल बँडचे घर बहुधा याच दोन गोष्टींवर चालते. त्या क्षेत्रात कंपनी प्रत्यक्ष काम करणार नसेल तर वाटा कशाबद्दल, हे जरूर विचारा.

‘पाच अल्बमांचा करार’ हे शब्द ऐकताना कानाला गोड वाटतात, पण ते नीट वाचा. बहुतेक वेळा कंपनी एका अल्बमलाच बांधलेली असते आणि पुढचे चार काढायचे की नाही हा पर्याय तिचा असतो. तुम्ही मात्र पाचांना बांधलेले असता.

याच ठिकाणी मेटॅलिकाबरोबरच्या इतर बँडची आठवण ठेवायला हवी, कारण उदाहरण म्हणून आपण जिंकलेल्याचेच नाव घेतो. मेगाडेथने पहिला अल्बम कॉम्बॅट या छोट्या लेबलकडे केला, दुसरा २५ हजार डॉलरांत तिथेच ध्वनिमुद्रित केला, पण मिश्रणावर (मिक्सिंगवर) ते समाधानी नव्हते. कॅपिटल या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने करार करून त्या अल्बमचे हक्क घेतले, पॉल लानीकडून त्याचे पुन्हा मिश्रण करून घेतले आणि १९८६ मध्ये तो बाजारात आणला. मोठ्या कंपनीच्या पैशाचा हा अगदी योग्य वापर होता: गाणी तीच राहिली, पण ऐकू नीट येऊ लागली. त्याच कॅपिटलकडे एक्झोडसही गेला, ज्या बँडमधून गिटारवादक कर्क हॅमेट १९८३ मध्ये मेटॅलिकात आला होता. १९९० आणि १९९२ चे दोन स्टुडिओ अल्बम झाले, हव्या त्या प्रमाणात विक्री झाली नाही, कंपनीने साथ सोडली आणि बँड काही वर्षे थंडावला. तोपर्यंत १९९१ उजाडून गेले होते, सिएटल शहरातील नव्या धाटणीच्या रॉक बँडकडे कंपन्यांचे लक्ष वळले होते. एक्झोडसच्या वादनात काही कमी होते असे मला कधीच वाटले नाही. मोठ्या कंपनीच्या यादीत तुम्ही शंभरातले एक असता. हवा बदलली की सर्वांत आधी कात्री लागते ती मधल्या फळीला. छोटे लेबल २० हजार प्रतींवर समाधानाने जगते, मोठ्या कंपनीच्या दप्तरी तोच आकडा अपयश म्हणून लिहिला जातो.

एवढ्यावरून एकदा मागे वळून पाहू. मेटॅलिकाला सहीने वितरण आणि वेळ मिळाला, संगीत बदलले नाही. ते बदलले नाही याचे कारण तयार अल्बम, प्रेक्षक आणि व्यवस्थापक हे तिघेही आधीपासून हाताशी होते. आता त्यांनी काय दिले ते पाहू, कारण तुमच्या बँडमधील कोणीच त्याचा उल्लेख केलेला नाही.

त्यांनी ध्वनिमुद्रणांचे मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी, दिले. कंपनीचे काम सोपे व्हावे म्हणून बँड जे सहज देऊन टाकतात ते हेच. १९९४ मध्ये, काळ्या अल्बमच्या प्रचंड यशानंतर, मेटॅलिकाने इलेक्ट्राविरुद्ध कॅलिफोर्नियात खटला दाखल केला. वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांपलीकडे अमलात आणता येत नाही, या तेथील कायद्याचा त्यांनी आधार घेतला. त्याआधी इलेक्ट्राचे प्रमुख बॉब क्रॅस्नो यांच्याशी अटी सुधारण्याची बोलणी झाली होती. क्रॅस्नो पद सोडून गेले आणि इलेक्ट्राची मालक कंपनी असलेल्या वॉर्नरच्या नव्या व्यवस्थेने ती बोलणी मानली नाहीत, अशी बँडची तक्रार होती. प्रकरण तडजोडीने मिटले आणि अटी बँडच्या बाजूने सुधारल्या. आपल्या सर्व अल्बमांची मालकी मात्र त्यांच्या हाती आली ती नोव्हेंबर २०१२ मध्ये, ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्ज या स्वतःच्या लेबलसह. सहीपासून २८ वर्षे! जगातील सर्वांत मोठ्या मेटल बँडला, उत्तम व्यवस्थापक आणि वकील असताना, एवढा काळ लागला. तुमच्या आणि माझ्या ओळखीतील कोणत्याही बँडला ही ताकद नाही, म्हणून ही गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्यावी लागते.

क्रॅस्नो यांच्या जाण्यातही तुमच्यासाठी एक गोष्ट दडलेली आहे. तुम्हाला कंपनी निवडत नसते, कंपनीतील एक माणूस निवडतो. तो गेला की तुमच्यासाठी भांडणारे कोणी उरत नाही. त्या अधिकाऱ्याने नोकरी सोडल्यास आम्हाला करारातून बाहेर पडता येईल, असे कलम मागता येते. नव्या बँडला ते नेहमी मिळत नाही, पण मागितल्यावर कंपनी काय उत्तर देते यावरून तुमच्याविषयी तिचा विचार किती पक्का आहे ते कळते.

भारतात तुमची बाजू काही बाबतीत बरी आहे. गाण्याचे शब्द आणि संगीत यांवरील हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क वेगळा. २०१२ च्या दुरुस्तीनंतरच्या कॉपीराइट कायद्यानुसार, ध्वनिमुद्रणासाठी गाण्याचा हक्क कंपनीला दिला तरी त्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा मागण्याचा अधिकार कायम राहतो. तेव्हा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा आणि बँडमध्ये कोणी काय लिहिले, कोणी चाल बांधली याची नोंद सहीपूर्वीच चौघांच्या सह्यांनिशी करून ठेवा; हे काम नंतर कधीही शांतपणे होत नाही. याच कायद्यात असेही आहे की हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो आणि वेगळे ठरलेले नसेल तर एक वर्षात न वापरलेला हक्क परत येतो. म्हणूनच कंपनीचा मसुदा ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण विश्वात’ असे शब्द आवर्जून घालतो. ते शब्द दिसले की त्यांच्या जागी दहा वर्षांचा परवाना आणि त्यानंतर मालकी बँडकडे, असा प्रस्ताव ठेवा. उचल कमी मिळाली तरी चालेल. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. तुमच्या पंचविशीतील निर्णयाची फळे तुमच्या नातवंडांपर्यंत जातात.

राहिला तुमच्या पहिल्या लेबलचा प्रश्न. मेगाफोर्सचे पुढे काय झाले हे इथे उपयोगी पडेल. मेटॅलिका गेल्यावर झझुला दांपत्याने हात टेकले नाहीत. अँथ्रॅक्ससाठी आयलंड या कंपनीशी आणि ओव्हरकिल व टेस्टामेंट या बँडसाठी अटलांटिक या कंपनीशी त्यांनी भागीदारी केली. म्हणजे बँड मोठ्या वितरणात गेले आणि त्यांना शोधणारे लेबलही सोबत राहिले. तुमच्या नव्या कंपनीला असा त्रिपक्षीय करार चालेल का, हे विचारून पाहा. चालत नसेल तर पहिला अल्बम जुन्या लेबलकडेच राहू द्या, किंवा पुढील एक-दोन अल्बमांच्या विक्रीवर त्यांना छोटा टक्का मिळेल अशी तरतूद नव्या कंपनीच्या वाट्यातून करून घ्या. तुमच्या वाट्यातून नव्हे. आणि यातले काहीही करण्याआधी जुन्या लेबलशी झालेला करार काढून त्यात पुढच्या अल्बमवर त्यांचा पहिला हक्क लिहिलेला आहे का ते तपासा. तो असेल तर नव्या कंपनीला होकार कळवण्याआधी त्यांना लेखी विचारणे तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा.